नशा, औषध आणि तुरुंग

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला 'व्यसनमुक्ती'. या विषयावर भाषण ठोकणे फार सोपे असते. दारू वाईट, गर्द वाईट, एमडी त्याहून वाईट असे सांगायचे, टाळ्या घ्यायच्या आणि चहा पिऊन घरी जायचे. पण हल्ली वस्तीतली दोन-चार पोरे आम्हाला वेगळेच विचारायला लागली आहेत. म्हणतात, "काका, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? परदेशात आता डॉक्टरच हे देतात. तिकडे कायदा सैल झाला. मग आम्हालाच कशाला बोलता?" पोरे मोबाईलवर अर्धे वाचतात, पण ती अगदीच खोटे बोलत नाहीत. त्यांना नुसते "गप बस" म्हणून भागणार नाही. आमचे शाळेचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सगळे रात्रपाळीत आणि वाचनालयात झाले. तेव्हा शब्दकोश जवळ घेऊन आम्ही हा विषय वाचून काढला. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहर आहे. तिथे सँडोझ नावाची औषध कंपनी होती. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी पडते, अर्गट. आपल्या बाजरीवर अरगट पडतो तो त्याच कुळातला, गावाकडच्या मंडळींना माहीत आहे. या बुरशीपासून बाळंतपणातला रक्तस्राव थांबवण्याचे औषध बनत असे. त्यावर काम करताना अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एलएसडी बनवले. कुणाला त्याचा उपयोग दिसला नाही, पाच वर्षे ते पडून राहिले. एप्रिल १९४३ मध्ये पुन्हा बनवताना त्याचा अंश त्यांच्या अंगात गेला आणि डोळ्यांपुढे रंग नाचू लागले. मग १९ एप्रिलला त्यांनी मुद्दाम घेतले. किती? एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. एवढ्याने माणूस असा हलला की सायकलवरून घरी जाताना जग वाकडेतिकडे दिसू लागले, आपण वेडे झालो की मेलो हे कळेना. आमच्या पोरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. साखरेच्या दाण्यापेक्षाही कमी माल आहे, आणि कोपऱ्यावर विकणाऱ्याकडे तो मोजायचा काटा नसतो.

डॉक्टरांना वाटले, याने मनाचे आजार बरे होतील. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५० च्या दशकात दारूच्या रोग्यांवर याचा उपचार केला. 'सायकेडेलिक' हा शब्दही त्यांनीच घडवला. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चे एक संस्थापक बिल विल्सन यांनीसुद्धा १९५६ साली हे औषध घेऊन पाहिले. म्हणजे दारू सोडवणाऱ्या माणसालाही त्यात काही आशा दिसली होती. हे आम्ही लपवणार नाही.

पण बंधू-भगिनींनो, प्रयोग झाला असे वाचले की आमच्यासारख्याने पहिला प्रश्न विचारावा, कुणावर झाला? १९५३ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने माणसाच्या मनाचा ताबा मिळवायचे छुपे काम सुरू केले. केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांचे सरकारी रुग्णालय होते. तिथल्या कैद्यांना, आणि त्यांत बहुतेक काळे होते, एलएसडी दिले गेले. काहींना तर सलग ७७ दिवस रोज. आणि बक्षीस काय? ज्या नशेपायी ते आत आले होते तीच नशा. १९७३ साली त्या कामाची बरीचशी कागदपत्रे नष्ट करण्यात आली. तरी उरलेल्या कागदांवरून १९७७ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि जगाला कळले. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, त्याच्या अंगावर प्रयोग. हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मेक्सिकोची. ओआहाका प्रांतातल्या डोंगरात माझातेक नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात मारिया साबिना नावाची गरीब बाई होती. रानातली एक अळंबी रात्रीच्या विधीत घेऊन ती आजाऱ्यांवर उपचार करी. १९५५ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचे उपाध्यक्ष गॉर्डन वॉसन तिथे गेले, विधीला बसले, आणि १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्यांनी सगळे छापले. हॉफमन यांनी त्या अळंबीतून सायलोसिबिन काढले. मग गोऱ्या पोरांच्या झुंडी त्या गावावर लोटल्या. पोलीस आले, गावकरी चिडले, बाईचे घर जाळले गेले. १९८५ साली ती गरिबीतच वारली. आज त्याच द्रव्यावर मोठमोठ्या कंपन्या पेटंट घेत आहेत. आम्ही स्वतः विधी, मंत्र, अंगात येणे मानत नाही, ते सगळे सोडूनच आपण इकडे आलो. पण ज्याचे त्याला मिळाले नाही, हे तर म्हणावेच लागेल.

पुढचे थोडक्यात सांगतो. हार्वर्ड विद्यापीठातले टिमोथी लिअरी प्रयोगशाळा सोडून प्रचारक झाले, १९६३ मध्ये त्यांची नोकरी गेली. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्धची तरुण पिढी आणि ही नशा एकत्र मिसळली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने एलएसडीवर बंदी घातली, १९७० मध्ये सबंध अमेरिकेचा कायदा आला, १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले. हिप्पी आपल्या गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिले, त्यांच्यावरून हिंदी सिनेमेही निघाले.

या 'युद्धात' पकडले कोण गेले? अमेरिकेत १९८६ साली असा कायदा झाला की श्रीमंतांची कोकेन पावडर ५०० ग्रॅम सापडली तर किमान पाच वर्षे, आणि गरीब काळ्या वस्त्यांत मिळणारे क्रॅक, म्हणजे तेच कोकेन शिजवून केलेले खडे, नुसते ५ ग्रॅम सापडले तरी तीच पाच वर्षे. एकास शंभर! चोवीस वर्षांनी, २०१० मध्ये, ते प्रमाण एकास अठरावर आणले. बरोबरीचे तरीही केले नाही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याने अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळात 'वेडाचे कारण गांजा' असे नीट चौकशी न करताच लिहीत, हे त्याला आढळले. सरसकट बंदी नको, नियंत्रण ठेवा, कर लावा, असे त्याचे मत पडले. सरकार तसे काही संत नव्हते. अफू पिकवून चीनला विकायचा धंदा त्याचाच. या मुंबईचे पहिले मोठे भांडवल त्या धंद्यातून उभे राहिले. ससून घराण्याने माळव्याच्या अफूवर पैसा केला आणि पुढे गिरण्या काढल्या. त्याच पुढे इंडिया युनायटेड गिरण्या झाल्या, आणि त्यांतली सहा नंबरची म्हणजे दादरची इंदू मिल, जिच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे काम हाती घेतले गेले. आम्ही साच्यावर उभे राहून घाम गाळला त्या गिरण्यांच्या पायात कुठे कुठे चिनी गरिबाची बरबादी पुरली आहे, हे आम्हाला पन्नाशीत कळले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आमचे वडील त्यात होते. त्याच सुमारास अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने गर्द मुंबईत आले. संपाने गर्द आणले असे नाही, पण रिकामे हात आणि गर्द एकाच वेळी भेटले. सिगारेटचा चांदीचा कागद, खाली काडी, वर नळी. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. चाळीतले पितळी नळ जाऊ लागले, मग तांब्याचे हंडे, मग देव्हाऱ्यातली समई. एका घरी पोराला खाटेला साखळीने बांधले होते. आमच्या शेजारच्या एका आईने पोराला स्वतः चौकीत नेऊन दिले, सुधारेल म्हणून. तो सुटून आला तो आत नवे सोबती आणि नवे पत्ते मिळवून आला. दोन वर्षांनी तिने त्याला पोचवले, आणि आम्ही खांदा दिला.

१९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. गर्द जवळ सापडले आणि ते फक्त स्वतःसाठी होते हे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर किमान दहा वर्षे. २००१ पर्यंत असे चालले. नंतर वजनाप्रमाणे शिक्षा ठरली. भांगेची नुसती पाने मात्र या कायद्याच्या व्याख्येतच येत नाहीत. होळीला कुणाला चालते, ते कायद्यालाही चालते. आणि दारू? सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, अफूच्या जातीची नशा करणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. आपल्या वस्तीतल्या किती बायकांच्या पाठीवर गर्दुल्ल्याने मारले आणि किती जणींच्या पाठीवर परवान्याच्या दुकानातून आलेल्याने, हे महिला मंडळाला विचारा.

मग पोरांच्या प्रश्नाचे काय? होय, संशोधन पुन्हा सुरू झाले आहे, आणि ते खरे आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स यांनी २००६ मध्ये सायलोसिबिनवरचा नेमका अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांची मरणाची भीती कमी झाल्याचे निष्कर्ष आले. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरची चाचणी छापून आली, ज्यांचे नैराश्य इतर औषधांनी हटत नव्हते असे रुग्ण. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांनी फरक दिसला, पण काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले, हेही त्याच अहवालात आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना परवानगी दिली. उलट अमेरिकेच्या औषध खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज, पुरावा अपुरा म्हणून, नाकारला. आणि ऐका, एमडीएमए वेगळे आणि आपल्याकडे विकतात ते एमडी, मेफेड्रोन, वेगळे. नावे जवळची म्हणून पोरे फसतात. चाचणीत आधी तपासणी असते, घरात कुणाला वेडाचा आजार असेल तर घेत नाहीत, तासन्‌तास शेजारी जाणता माणूस बसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या कारखान्यातून पोलिसांनी एमडीचा साठा पकडला, तिथे कोण बसले होते शेजारी?

कायद्याचेही तसेच. पोर्तुगालने २००१ साली दहा दिवसांपुरती नशा जवळ असणे हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. माणसाला न्यायालयाऐवजी समितीपुढे नेतात, उपचाराला लावतात. विक्री तिथेही गुन्हाच आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन तसेच केले, पण उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही, त्यात फेंटानिलचा सुळसुळाट झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा झाले. आमच्या मते धडा दोन्हीकडून एकच निघतो, तुरुंग काढला तर त्या जागी दवाखाना उभा करावा लागतो. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण काढले, ते याच समजुतीने.

काही उपासक आम्हाला म्हणतात, असे बोलून तुम्ही पाचवे शील ढिले करता. नाही. शील भन्तेजींच्या मागोमाग आपण आपल्या तोंडाने घेतो. ते पोलिसाच्या दांडक्याने घेता येत नाही. त्या शिलात प्रमाद हा शब्द आहे, बेसावधपणा. कुठल्याशा गोळीने ध्यान साधते असे काही परदेशी बौद्ध म्हणतात. आमचे मत विचाराल तर आमच्या वस्तीत सावधपणाचाच तुटवडा आहे, तो आधी भरू द्या. पण जो घसरला त्याला वस्तीबाहेर काढायचे, हे कुठल्या शिलात आले?

शेवटी कामाचे. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ सर्वांनी लिहून घ्या. सेवनाचा किंवा अल्प वजनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल आणि तो पुरा करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. वकील हे आपणहून सांगेलच असे नाही, तुम्ही विचारा. गर्दाचे अल्प वजन ५ ग्रॅमपर्यंत, गांजाचे १ किलोपर्यंत. केंद्र सरकारचा फुकट फोन १४४४६ आहे. आणि पोराला चौकीत नेण्याआधी एकदा विहारात घेऊन या. रात्री कितीही वाजता आमचे दार वाजवा, आम्ही बरोबर दवाखान्यात येऊ.

जयभीम. नमो बुद्धाय.