मालमोटारीचा फिरता दांडा

नाशिकची द्राक्षे मुंबईस नेणारी मालमोटार इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागली, म्हणजे ब्रेकांबरोबर इंजिनही तिला आवरून धरीत असते. इंजिनाचा हा धाक चाकांपर्यंत पोहोचवितो तो गिअरबॉक्सपासून मागील आसापर्यंत गेलेला फिरता दांडा. त्याच्या दोन्ही टोकांस क्रॉसचे सांधे असतात. तिरकस फिरणारा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवितो व दोनदा घटवितो. दुसरा सांधा तितक्याच कोनात असला, तरच हा चढउतार फिटतो.

शोभेसाठी वा माल चढविण्याच्या सोयीसाठी मागील पाटे काढून गाडी खाली बसविली, की आस सांगाड्याजवळ येतो व दांड्याचा उतार बदलतो. त्यात आसाचे तोंड किंचित जरी वर-खाली वळले, तरी दोन कोनांचा मेळ मोडतो. गाडी थरथरते, सांधे झिजतात. शिवाय दांड्याचा सरकता भाग आत शिरतो. भार पडल्यावर त्यास जागा उरली नाही, तर धक्का गिअरबॉक्सला बसतो. म्हणून पाट्याखाली पाचर घालून कोन जुळवावेत, आणि सरकत्या भागास उरलेली जागा भरल्या गाडीवर तपासावी. घाटात दांडा तुटला, तर इंजिन चालूच राहील. चाकांवरील त्याचा लगाम मात्र सुटलेला असेल.