घर झाले, गावही होऊ द्या
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. मोठमोठे विषय मला झेपायचे नाहीत. पण घर आणि शेजार हे तर आपलेच विषय. म्हणून अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीच्या वसाहतींविषयी चार शब्द सांगते.

आपल्या सोलापुरात विड्या वळून संसार चालवणाऱ्या बाया हजारोंनी आहेत. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा. पुष्कळजणींचे हे सारे भाड्याच्या एका खोलीत चाले. तिथेच चूल, तिथेच पाळणा, तिथेच तंबाखूचा खकाणा. या बायांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने मोर्चे काढले, पैसा पैसा साठवून आपला वाटा भरला. सरकारचे साहाय्य मिळाले आणि कुंभारीला १०,००० घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. वारल्यांसाठी झिजलेल्या गोदूताई परुळेकरांचे नाव वसाहतीला दिले, हे उचितच झाले. पुढे त्याच भागात रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. त्यांतली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाली.

भगिनींनो, घर बाईच्या नावावर असले की "नीघ बाहेर" म्हणायची कोणाची छाती होत नाही. हा लाभ मोठा आहे. पण चार भिंती म्हणजे गाव नव्हे. १०,००० घरांत घरटी पाच माणसे धरा. पन्नास हजारांची वस्ती झाली. माणशी दोन घागरी म्हटले तरी रोज लाख घागरी पाणी हवे! नळाच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या सोलापूरच्या बाईला याचा अर्थ सांगायला नको. शिवाय शाळा, दवाखाना, शहराची बस जवळ हवी. विड्या पोचवायला रोज रिक्षाचे भाडे पडले, तर मजुरीतून उरणार काय?

म्हणून माझे मागणे एवढेच, की नवी वसाहत आखताना पाणी कुठून भरणार, मूल कुठे ठेवणार, हे बायांना आधी विचारावे. आणि आपणही तिला 'गावाबाहेरची वस्ती' म्हणू नये. तिथे तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणाऱ्या आपल्याच बहिणी राहतात. यंदाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे कुंभारीपर्यंत जावे, आणि त्यांनी बोलावले तर आपणही जावे.