महाविद्यालयांची यादी करताना

बारावीची परीक्षा आटोपते, पुस्तकांचे ढीग कपाटात जातात, आणि मोकळ्या झालेल्या मेजावर एक कोरा कागद येऊन पडतो. कोणकोणत्या महाविद्यालयांकडे अर्ज करावयाचा त्यांची नावे या कागदावर उतरवायची असतात. परीक्षेची तयारी दोन दोन वर्षे चालते. ही यादी मात्र बहुतेक घरांत दोन संध्याकाळींत होते, आणि तीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने. वस्तुतः मुलाच्या पुढील तीन-चार वर्षांचे आयुष्य प्रश्नपत्रिकेइतकेच या कागदावरही अवलंबून असते. म्हणून आज या साध्या दिसणाऱ्या यादीविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

एके काळी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली निघाले तेव्हा, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, तालुक्याच्या गावातील मुलापुढे दारे मोजकीच असत. जिल्ह्याचे ठिकाण, नाही तर पुणे किंवा मुंबई. आज दारे शेकड्यांनी आहेत. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात विद्यार्थ्याला तीनशेपर्यंत पसंती नोंदविता येतात. दारे वाढली, हे सुदैवच. पण त्याबरोबर निवडीचे ओझेही वाढले.

या ओझ्याखाली दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरे केवळ नावाजलेल्या संस्थांचीच यादी करतात आणि त्यांपैकी एकही न मिळाल्यास जुलै महिन्यात हातावर हात ठेवून बसतात. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्याचा हा परिणाम. दुसरी घरे भीतीपोटी मुलाच्या योग्यतेपेक्षा पुष्कळ खालची नावे घालतात. वर जागा असूनही मुलगा तिच्यासाठी उभाच राहत नाही. पहिली चूक लगेच दिसते आणि तिची चर्चा होते. दुसरी कोणालाच दिसत नाही, कारण प्रवेश मिळालेला असतो. तथापि नुकसान दोन्हींत सारखेच.

यावर उपाय म्हणजे यादीचे तीन भाग पाडणे. पहिला भाग आकांक्षेचा: जेथे प्रवेश कठीण आहे, पण अशक्य नाही. दुसरा आवाक्यातला: जेथे आपल्यासारख्याच गुणांच्या विद्यार्थ्यांना आजवर जागा मिळत आली आहे. तिसरा आधाराचा: जेथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे. जेथे प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, वेगळे शुल्क भरावे लागते, तेथे आठ ते दहा नावे पुरेशी होतात. त्यांत दोन-तीन आकांक्षेची, चार-पाच आवाक्यातली आणि दोन आधाराची असावीत. वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज करून एकाकडेही धड लक्ष न देणे म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

कोणते नाव कोणत्या भागात पडते हे कसे ओळखावे? गेल्या वर्षी तेथे शेवटची जागा कोणत्या गुणवत्ता क्रमांकाला मिळाली ते पाहावे. मात्र हा आकडा नदीच्या घाटावरील पुराच्या खुणेसारखा असतो. गेल्या वर्षी पाणी कोठवर आले एवढेच ती खूण सांगते. यंदा ते तेथेच थांबेल अशी हमी देत नाही. म्हणून एका वर्षाची नव्हे, तीन वर्षांची खूण पाहावी. आणि तीही आपल्याच प्रवर्गाची, आपल्याच राज्यगटाची व त्याच फेरीची. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१८ पासून आय.आय.टी. व एन.आय.टी. या संस्थांत मुलींसाठी अधिकच्या जागा निर्माण झाल्या असून त्यांचा शेवटचा क्रमांक वेगळा प्रसिद्ध होतो. तो न पाहता केलेली यादी अकारण भित्री होते.

राज्यगटाचा उल्लेख वर आला. त्याचे महत्त्व महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष जाणवते. लखनौच्या इंदिरा नगरातील एका मराठी घराची कल्पना करा. वडील नोकरीनिमित्त तेथे आले, स्थिरावले. मुलीची दहावी-बारावी तेथेच झाली. घरात मराठी बोलली जाते, सुट्टीत पुष्पक एक्सप्रेसने मुंबई गाठली जाते आणि तेथून आजोळी जाणे होते. आईवडिलांना वाटते, मुलीने नागपूरला शिकावे. मामा तेथे आहे. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, १९६० साली निघालेली, ते आपली म्हणून यादीत पहिली लिहितात.

परंतु नियम आजोळ पाहत नाही. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांना असतात, आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून. मातृभाषेवरून किंवा मूळ गावावरून नव्हे. म्हणजे इंदिरा नगरातील ही मुलगी नागपुरात परराज्याची, आणि प्रयागराजच्या मोतीलाल नेहरू राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत मात्र घरची! ज्या क्रमांकावर नागपूर तिच्यासाठी आकांक्षेच्या भागात पडेल, त्याच क्रमांकावर प्रयागराज कदाचित आवाक्यात येईल. आय.आय.टी. आणि आय.आय.आय.टी. यांना हा राज्यभेद नाही. त्यामुळे कानपूर असो की पवई, लखनौची आय.आय.आय.टी. असो की नागपूरची, तिचे स्थान सर्वत्र एकच राहते.

वैद्यकीय शिक्षणाकडे वळले तर सरकारी महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय वाट्याच्या असतात, उरलेल्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या वाट्यासाठी, काही अपवाद सोडल्यास, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. उलट महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात आईवडिलांपैकी एकाजवळ राज्याचा अधिवास दाखला असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही एक दार उघडे राहते. बेळगाव-निपाणीकडील सीमाभागातील मराठी मुलांसाठीही तेथे स्वतंत्र तरतूद आहे. तेव्हा परप्रांतातील मराठी पालकांनी नावे लिहिण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका हाती घ्यावी, आणि दाखले निकालाच्या आधीच जमवावेत. एका कागदावाचून पालटलेला गट मागाहून सुधारता येईलच असे नाही.

जवळ असलेल्या गोष्टीची किंमत कमी वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे; दुरून डोंगर साजरे. इंदिरा नगरातील मुलगी मेट्रोत बसली की त्याच मार्गावर आय.टी. कॉलेज आणि विश्वविद्यालय ही स्थानके येतात. पहिल्याजवळ इझाबेला थोबर्न हे स्त्रियांचे जुने महाविद्यालय आहे, दुसऱ्याजवळ १९२० साली कायद्याने स्थापन झालेले लखनौ विद्यापीठ. याच शहरात १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. मुंबईत जन्मलेल्या एका मराठी विद्वानाला आपल्या कार्यासाठी लखनौ दूर वाटले नाही, आणि लखनौच्या लोकांनाही तो परका वाटला नाही. आधाराच्या भागात घालावयाची नावे अशी पायाशी असतात. ती नाइलाजाने घालण्याची नसून आधी जाऊन, वर्ग व ग्रंथालय पाहून, तेथील विद्यार्थ्यांशी बोलून घालण्याची आहेत.

आता क्रमाचा प्रश्न. पुष्कळांची समजूत अशी की वर अवघड नाव लिहिले तर खालचे हातचे जाईल. म्हणून ते मिळण्याजोगे नावच प्रथम लिहितात. आय.आय.टी. व एन.आय.टी. यांच्या २०१५ पासून चालत आलेल्या संयुक्त वाटपात ही भीती निराधार आहे. या पद्धतीचे मूळ मोठे गमतीचे आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांचा एकत्र विचार करणारा एक छोटा निबंध लिहिला. पुढे याच विषयातील कार्याबद्दल शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील मर्म असे: विद्यार्थी आपल्या पसंतीक्रमाने एकेक दार ठोठावतो, संस्था फक्त गुणवत्ता क्रमांक पाहते, तिला त्याने कितवी लिहिले ते पाहत नाही. वरच्या दाराने नकार दिला म्हणून खालच्या दारावरचा त्याचा हक्क तिळमात्र कमी होत नाही. तेव्हा अशा ठिकाणी क्रम लावावा तो केवळ मनापासूनच्या आवडीचा. मात्र हेही लक्षात ठेवावे की वरची जागा मिळाली की खालची आपोआप सुटते. म्हणून ज्याची खालच्यापेक्षा कमी आवड आहे ते नाव केवळ प्रतिष्ठेसाठी वर लिहू नये.

सर्व ठिकाणचे नियम एकसारखे नसतात. महाराष्ट्रात २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच पद्धतीने झाले. तेथे पसंती दहापर्यंतच देता येत होत्या, आणि पहिली पसंती मिळाली तर ती घेणे भाग होते. अभियांत्रिकीतही त्या वर्षापासून पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तीन व तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाल्यास ती स्वीकारावी लागू लागली. अशा पद्धतीत यादीचा माथा फार जपून लिहावा लागतो. केंद्रीय विद्यापीठांचा प्रकार आणखी निराळा. २०२२ पासून दिल्ली, बनारस, अलाहाबाद इत्यादी विद्यापीठांसाठी एकच सामायिक परीक्षा होते. पण परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला असे नव्हे. निकालानंतर त्या त्या विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती तारीख चुकल्याने उत्तम गुण मिळूनही बाहेर राहणारी मुले असतात. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे शेवटची तारीख लिहिलेली असावी.

तारखेशेजारी आणखी एक रकाना हवा, तो खर्चाचा. शिक्षणशुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि वर्षातून दोनदा घरी येण्याजाण्याचे भाडे अशी चार वर्षांची बेरीज मुलासमोर मांडावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण अंथरूण किती लांब आहे हे मुलाला सांगावयासही हवे. पुष्कळ घरांत ही गोष्ट प्रवेश मिळाल्यावर निघते, आणि मग आनंदाच्या दिवशी घरात अबोला येतो. मुलींच्या बाबतीत तर "इतक्या लांब नको" हे वाक्य नेमके त्याच दिवशी उच्चारले जाते. जे अंतर मान्य नाही ते यादी करतानाच सांगावे, त्यावर वाद होऊ द्यावा, आणि वादानंतर जे नाव यादीत राहील त्यामागे घराने नंतर खंबीरपणे उभे राहावे. मुलीने रात्रंदिवस अभ्यास करून मिळविलेली जागा घरच्या संकोचापायी सोडावी लागणे, याइतके दुःख अपयशातही नसते.

श्रोतेहो, यादीचा तोल पाहावयाचा झाल्यास लोक तिची पहिली ओळ वाचतात. माझ्या मते शेवटची ओळ वाचावी. पहिल्या ओळीत काय लिहावे हे सारे जग सांगते. शेवटच्या ओळीत मात्र त्या मुलाचा आणि त्या घराचा विचार दिसतो. उद्या तेवढेच एक नाव हाती आले, तर मुलगा तेथे मान वर करून जाईल काय? आईवडील ते नाव नातेवाइकांना निःसंकोच सांगतील काय? या प्रश्नांचे उत्तर "होय" येईपर्यंत ती ओळ खोडावी, पुन्हा लिहावी. पायरी पक्की असली की वरच्या मजल्याकडे निर्भयपणे पाहता येते. आणि अशा घरातील मुलाला निकालाच्या दिवशी कोणतेही पत्र आले तरी ते आपल्याच पसंतीचे असते.