तिथीची पाऊणपट

आमच्या कन्नडहून मुंबईला जायचं म्हणजे घाट उतरून चाळीसगाव गाठायचं आणि रात्रीची गाडी धरायची. गेल्या मार्गशीर्षात मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन असाच निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मधला एक दिवस मोकळा होता. आप्पा म्हणाले, "डोळ्याचं काय हुईल ते हुईल. आधी मला समुद्र दाव."

बोरीबंदरहून आम्ही नऊच्या सुमारास गेट वे ऑफ इंडियापाशी पोचलो. मी माझी मास्तरकी सुरू केली. या कमानीची कोनशिला १९१३ साली बसली, काम १९२४ साली पुरं झालं आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याखालूनच परत गेली. आप्पांचं लक्ष कमानीकडे नव्हतंच. ते पाण्याकडे पाहत होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेला तो माणूस. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढं पानी, आन् जनावराच्याबी कामाचं न्हाई!"

मी म्हटलं, "आप्पा, आपला पाऊस इथूनच येतो. या समुद्रावरचे वारे ढग आणतात, पण सह्याद्री चढतानाच ते बहुतेक रिते होतात. आपण पडलो डोंगराच्या पलीकडे." आप्पा नुसते हसले. मग खाली वाकून धक्क्याच्या शेवाळलेल्या उघड्या पायऱ्या मोजू लागले.

घारापुरीच्या लाँचवर बसलो. तासाभराची वाट. आप्पांनी तांडेलाला विचारलं, "काय हो, त्या पायऱ्या ओल्या कशा? पाणी तर खाली हाय." तांडेल म्हणाला, "ओहोटी आहे बाबा. आज षष्ठी. तिथीची पाऊणपट करा. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती."

मी एम. ए. झालेला माणूस, पण हा हिशेब मला ठाऊक नव्हता. आप्पांनी मात्र लगेच बोटं मोजली. "म्हंजी अष्टमीला सहा, आन् पुनवेला सव्वाअकरा?" तांडेल खूश झाला. "पुनवेला नि अवसेला बाराच्या आसपास धरा. उधाणही तेव्हाच. तिथून पुढं पुन्हा एकपासून मोजायचं."

शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर ध्यानात घ्यावं. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच रोज मागे सरते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साडेबारा तासांना थोडं कमी, म्हणून दिवसात साधारण दोन भरत्या. हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्याचा, तोही ढोबळ. दुसऱ्या बंदरात वेळ बदलते.

घारापुरीच्या लेण्यात कैलास हलवणारा रावण पाहून आप्पा म्हणाले, "हा तर आपल्या वेरूळचा!" त्यांचं खरंच होतं. वेरूळचं धुमार लेणं, म्हणजे २९ क्रमांकाचं, याच्याच धर्तीचं आहे. मग त्रिमूर्तीसमोर ते किती तरी वेळ उभे राहिले. अंधुक दिसत असावं, पण बोलले नाहीत.

साडेचारला परत धक्क्याला लागलो. सकाळच्या साऱ्या पायऱ्या पाण्याखाली! आप्पा लहान पोरासारखे टाळी वाजवून म्हणाले, "तांडेलाचं पंचांग खरं निघालं रे!" दिवसभर त्यांना मुंबई दाखवायला निघालेला मी, पण ज्या पंचांगावर त्यांनी जन्मभर पेरण्या केल्या, त्यातच समुद्राची किल्ली आहे हे त्या दिवशी मलाच कळलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. आता कन्नडला ओट्यावर बसून ते मला हाक मारतात, "मास्तर, आज पंचमी. मुंबईला पावणेचारला भरती." समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. पण त्याची भरती आमच्या ओट्यापर्यंत येते ती अशी.