जेवण कुणाच्या खात्यावर?

(युवक शिबिरातलं भाषण)



मला बोलायला सांगितलंय घरखर्चाच्या सरकारी सर्व्हेवर. विषय ऐकून मागच्या पोरांनी आत्ताच तोंडं वाकडी केली. आकडे म्हणजे पांढरपेशांचा धंदा, आपल्याला काय त्याचं, असं आपल्यात सर्रास बोलतात. पण ह्या देशात गरीब कोण नि गरीब नाही कोण, हे ह्याच सर्व्हेवरून ठरत आलंय. तुमच्या ताटात डोकावून. मी स्वतः डोकावलोय. 2022-23 च्या फेरीत कंत्राटावर, हातात टॅब घेऊन, वस्त्या पालथ्या घातल्यात.

आधी थोडा इतिहास, झटपट सांगतो. नॅशनल सॅम्पल सर्व्हे 1950 साली सुरू झाला, महालनोबिसांच्या पुढाकारानं. तेव्हापासून एक भांडण चालूच आहे: माणसाला किती दिवसांचा खर्च विचारायचा? महिन्याचा विचारला तर तो विसरतो. आठवड्याचा विचारला तर दहा दिवसांपूर्वीचंही आठवड्यात ढकलतो. बरीच वर्षं तीस दिवसांवर निभावलं. मग 1999-2000 ची 55 वी फेरी आली. तिच्यात खाण्याचा खर्च एकाच घराला, एकाच कागदावर, सात दिवसांचाही विचारला नि तीस दिवसांचाही. रकाने शेजारी शेजारी. माणूस काय करणार? एक आकडा बोलून गेला की दुसरा त्याच्याशी जुळवून सांगणार. आणि सरकारी हिशेबात गरिबी 1993-94 च्या 36 टक्क्यांवरून 26 वर उतरली! अर्थशास्त्रज्ञ मग वर्षानुवर्षं वाद घालत बसले, की ह्यातली किती गरिबी खरोखर हटली नि किती रकान्यांनी खाल्ली. पोट तेच, भूक तीच, प्रश्न तेवढा बदलला.

पुढं 2017-18 ची फेरी. माणशी खर्च 2011-12 पेक्षा खाली गेल्याची बातमी 2019 च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात फुटली. सरकार म्हणालं, आकड्यांचा दर्जा ठीक नाही, अहवाल काढणार नाही. खर्च वाढलेला निघाला असता तर दर्जा कुणी तपासला असता, तुम्हीच सांगा.

ह्या सगळ्यानंतर जी नवी रचना झाली तीत मी काम केलं, नि मी तिची टिंगल करणार नाही. आधी तीनशेच्या वर वस्तूंची यादी एका बैठकीत वाचायचो आम्ही लोक. शंभराव्या वस्तूला बाई दमते, दोनशेव्या वस्तूपासून सगळ्याला 'नाही, नाही' करते. तिला कामावर जायचं असतं. नव्या रचनेत यादी वाढून 405 वर गेली, पण तिचे तीन भाग पाडले: खाण्याचं, रोजच्या वापराचं नि सेवांचं, टिकाऊ वस्तूंचं. तीन महिन्यांत तीन खेपा. कुठला भाग आधी, ते घरागणिक बदलायचं. तेल, भाजी, मटण, मसाला सात दिवसांचा. धान्य महिन्याचं. कपडे, चपला वर्षाच्या. हे शहाणपणाचं आहे. आपल्यात चप्पल महिन्याला कोण घेतो?

फक्त एवढं लक्षात ठेवा, की अकरा वर्षांपूर्वीचा आकडा एका पद्धतीचा नि हा दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून गरिबी संपली म्हणून जो टाळ्या वाजवतो त्याला आधी प्रश्नावली वाचलीस का ते विचारा. आणि त्याच 2022-23 च्या फेरीतलं हेही वाचायला सांगा: गावात अनुसूचित जातींचा माणशी महिन्याचा खर्च 3474 रुपये, 'इतरां'चा 4392. शहरात आपला 5307, त्यांचा 7333. गाव सोडा म्हणाले बाबासाहेब, आपण सोडलं. पण अंतर शहरातच जास्त.

आता माझं खरं म्हणणं. ही सगळी डागडुजी आठवणीची आहे. माणूस विसरतो, त्याला आठवायला मदत करा. बरोबर. पण आपल्या वस्तीत लोक विसरत नाहीत. लोक सांगत नाहीत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर टॅबमध्ये इलाज नाही.

एक बाई सांगतो. माझ्या आईसारखीच, चार घरची धुणीभांडी करणारी. दारात बसून विचारायला लागलो तर शेजारच्या चार बाया जमल्या. माणूस दारूवर किती घालवतो? नवरा मागंच उभा. तिनं शून्य सांगितलं, मी शून्य लिहिलं. पुढं मांसाची यादी. बकऱ्याचं, कोंबडी, डुकराचं, मोठ्याचं. मोठ्याचं म्हणताच तिनं इकडंतिकडं बघितलं. 2015 पासून महाराष्ट्रात गाईसोबत बैल कापायलाही बंदी आहे, म्हशीला नाही. पण भीतीला कायद्यातला फरक कुठं कळतो? "आमी नाय खात बाबा," ती म्हणाली. चुलीवर काय शिजतंय त्याचा वास मला येत होता. मीही त्याच वासात वाढलोय. लिहिलं: नाही.

मग जेवणाचं. ती दुपारी मालकिणीकडं जेवते. मालकिणीच्या घरात शिजलेलं अन्न मालकिणीच्याच घरखर्चात धरायचं, असा जुना नियम. कारण सांगतात, दोनदा मोजलं जाऊ नये. कारण चूक नाही. हिच्या घराच्या कागदावर फुकट जेवणं किती, तेवढा आकडा पडतो. रुपये पडतात तिकडं. म्हणजे कालची भाजी नि वाळलेली पोळी, जी हिच्या पोटात गेली, ती खाऊन मालकीण सुखवस्तू ठरते! आणि ती मालकीण राहते त्या सोसायटीत आम्हाला वॉचमन आत सोडत नव्हता. साहेब वेळ नाही म्हणतात. मग बदली घर घ्या. वरचे सांगत नाहीत माजानं, खालचे सांगत नाहीत धाकानं, नि मधल्यामध्ये सरासरी निघते.

आमचा सुपरवायझर म्हणायचा, तू प्रश्न विचार, समाजशास्त्र करू नको. पण कुणी विचारतंय, कुणाच्या देखत विचारतंय, ह्यावर उत्तर ठरतं. बाईला एकटीला विचारायची सोय करा, वस्तीतली पोरं कायम नोकरीवर घ्या. आणि खाण्याचा भाग शेवटच्या खेपेला ठेवा. हे शेवटचं मी का म्हणतो, ऐका.

त्याच बाईकडं तिसऱ्यांदा गेलो. तोवर ओळख झाली होती. चहा दिला, दार लोटून घेतलं नि हळूच म्हणाली, "दादा, त्या खेपेला मोठ्याचं खोटं बोलले मी. आठवड्याला अर्धा किलो आणतो. आता लिव्हता का?"

खाण्याचा भाग पहिल्याच खेपेत भरून वर गेला होता. त्या दिवशी माझ्या टॅबवर पंखा, खुर्ची, मोबाईल एवढंच होतं. मी पंखा लिहिला.