परदेशी अध्यापन आणि वैद्यकीय तपासणी
(मंडळाच्या लातूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी शिकवावयास जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुण शिक्षकांना चार शब्द सांगावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आम्ही नांदेडास इंग्रजी शिकविण्यात उमेदीचा सारा काळ घालविला; परदेशात मात्र आमचे अध्यापन उणेपुरे तीन आठवडेच चालले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार यशाचा नसून अपयशाचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्या अपयशाचे कारण आम्ही या मंडळापासून वीस वर्षांहून अधिक काळ लपवून ठेविले. ‘तेथील शाळा बंद पडली म्हणून परतलो,’ असे आम्ही सर्वांना सांगत असू. ते खरे नव्हते.

आपल्या भागात इंग्रजीचा शिक्षक परदेशी जातो, याचे अप्रूप का वाटते हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. १९४८ पर्यंत येथे निजामी अंमल होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले, तेव्हाच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले, आणि या लातुरात दयानंद महाविद्यालय १९६१ साली उभे राहिले. ज्यांच्या वडिलांना इंग्रजी अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापैकी एकास आखाती देशातील शाळेने इंग्रजी शिकविण्यास बोलावले, तेव्हा २००३ साली याच मंडळाने आमच्या गळ्यात हार घातला होता. परतल्यावर त्या हाराची आठवण आम्हांस फार जड झाली.

आता मूळ गोष्ट सांगतो. १९८६ साली, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात असताना, आम्हांस क्षयाची बाधा झाली. खोकला हटेना, संध्याकाळी बारीक ताप येई, अंगावरचे कपडे सैल होत चालले. सरकारी दवाखान्यात उपचार झाले, गोळ्या नेमाने पुऱ्या केल्या आणि आम्ही ठणठणीत बरे झालो. दवाखान्याचा शेवटचा कागद हाती येताच आमच्या मातोश्रींनी तो, छातीच्या एक्स-रेसह, चुलीत घातला. ‘उद्या पोराच्या सोयरिकीत आडवा येईल,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या माउलीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या समाजात बरा झालेला रोगही स्थळ मोडण्यास पुरेसा होतो, त्या समाजातील आई दुसरे काय करणार?

पुढे सतरा वर्षांनी मुंबईस एका तपासणी केंद्रात आम्ही आखाती नोकरीसाठी उभे राहिलो. उंची, वजन, दृष्टी, रक्तदाब, लघवी; रक्तात एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस बी व सी. आणि शेवटी छातीचा एक्स-रे, असा तो क्रम होता. अर्जात प्रश्न होता : पूर्वी क्षयरोग झाला होता काय? आम्ही ‘नाही’ असे लिहिले. लिहिताना हात कापला नाही, कारण घरात सतरा वर्षे तेच उत्तर चालत आले होते. प्रमाणपत्र मिळाले. आम्ही कायम नोकरीचा राजीनामा दिला, प्रवासासाठी कुटुंबाच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि विमानात बसलो.

पुष्कळांस ठाऊक नसते ते हे की, निघण्यापूर्वीच्या तपासणीने काम संपत नाही. तेथे पोहोचल्यावर, निवासपरवाना मिळण्याआधी, तेच सरकार पुन्हा तपासणी करते. आमचे वर्ग सुरू झाले होते. मुले धीट होती, शब्द चटकन उचलीत. तिसऱ्या आठवड्यात बोलावणे आले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक छाया दिसत होती. तेथील डॉक्टरांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या : पूर्वी क्षय झाला होता काय? उपचार पुरे केल्याचा कागद आहे काय? जुना एक्स-रे आहे काय? पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर आमच्याच सहीच्या अर्जाशी विसंगत होते, आणि उरलेली दोन्ही उत्तरे चुलीत जळाली होती. आमच्या कागदावर ‘अनफिट’ असा शिक्का बसला व चौथ्या दिवशी आम्ही मुंबईस उतरलो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कागद असते तरी त्या देशाने ठेवून घेतलेच असते असे नाही. आखाती देशांच्या त्या वेळच्या नियमांत क्षयाचा जुना वणही नकारास पुरेसा होता. परंतु आम्ही रोग लपविला नसता, तर नियम आधी विचारला असता. नियम कळला असता, तर राजीनामा दिला नसता. राजीनाम्याची किंमत मोठी पडली. पुढली सहा वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर शिकवून काढली, आणि पाटल्या सुटावयास त्यांतली चार गेली.

त्याहून मोठी किंमत त्या एका शब्दाची पडली. आयुष्यभर इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारे आम्ही, ‘अनफिट’ हा शब्द घरी आणताना त्याचा अर्थ ‘नालायक’ असा करून बसलो. वस्तुतः बेताचा नसलेला सदराही ‘अनफिट’च असतो, त्यात सदऱ्याचा दोष नसतो आणि अंगाचाही नसतो. एका देशाच्या एका नियमात आमची छाती बसली नाही, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ होता. तो समजावयास आम्हांस एकोणीस वर्षे लागली, आणि समजाविले ते येथल्याच, लातूरच्या, आमच्या भाचीने.

तिला बारावीच्या वर्षी, २०१४ साली, हाच रोग झाला होता. सहा महिन्यांचे उपचार तिने पुरे केले, वर्ष वाया जाऊ दिले नाही, आणि पुढे इंग्रजीत पदव्युत्तर पदवी घेतली. २०२२ साली तिला ब्रिटनमधील एका विद्यापीठात इंग्रजी अध्यापनाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये राहावयाचे असेल, तर भारतातून जाणाऱ्यास मान्यताप्राप्त केंद्रात क्षयाची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरात कुजबूज सुरू झाली. आमच्या भगिनींनी मुलीस बजाविले, ‘विचारतील तर नाही म्हण.’ मातोश्रींचेच शब्द, एका पिढीनंतर! त्या रात्री आम्ही नांदेडहून लातूर गाठले आणि बहिणीसमोर, भाचीसमोर सारे सांगून टाकले. बहीण रडू लागली. भाची थोडा वेळ गप्प बसली व म्हणाली, ‘मामा, बरे झालेल्या माणसाने लाजायचे कशाला? मी खरे तेच सांगेन.’

मे महिन्यात ती मुंबईच्या केंद्रात गेली. पूर्वीचा रोग सांगितला, उपचार पुरे केल्याचा कागद दाखविला, जुना एक्स-रे पुढे ठेविला. नव्या एक्स-रेत छाया होतीच. म्हणून लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेण्यात आले आणि जंतूंची वाढ होते की काय हे पाहण्यास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी कोणी पोटभर जेवले नसेल. जुलैमध्ये निकाल आला : जंतू नाहीत. प्रमाणपत्र मिळाले आणि सप्टेंबरात ती वेळेवर वर्गात बसली. अभ्यासक्रम संपवून पुढे दोन वर्षे तिने तेथेच, दूरदेशांहून आलेल्या प्रौढ मंडळींना इंग्रजी शिकविले. मामाच्या छातीत जी छाया, तीच भाचीच्या छातीत. एका देशाने नुसती छाया पाहिली, दुसऱ्याने छायेत जंतू जिवंत आहेत काय ते पाहिले.

शास्त्र याहून फारसे अवघड नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. रोग बरा झाला तरी, जखमेचा वण त्वचेवर राहावा तसा, फुप्फुसात वण राहू शकतो. एक्स-रेत दिसतो तो पुष्कळदा वणच. तो जुना की नवा, हे जुन्या चित्राशी ताडून व थुंकी तपासून ठरते. उपचार पुरे करून बरा झालेला मनुष्य दुसऱ्यास रोग देत नाही. परक्या देशाने आपल्या प्रजेची काळजी घ्यावी यात गैर काही नाही. आपण आपल्या बाजूने पुरावा सांभाळावा, एवढेच.

म्हणून तरुण मंडळींना आमचे कळकळीचे सांगणे आहे. ज्या देशात जावयाचे, त्याचे त्या वर्षीचे आरोग्यविषयक नियम आधी पाहावे. ते देशोदेशी निराळे असतात व बदलतातही. नेमणूक पक्की करण्याआधी येथेच छातीचा एक्स-रे काढून आपल्या डॉक्टरांस दाखवावा. रोगाचा प्रत्येक कागद जपावा. अलीकडे क्षयरुग्णांची नोंद सरकारच्या निक्षय प्रणालीत होते, तो क्रमांक टिपून ठेवावा. अर्जात खरेच लिहावे. पैसे घेऊन ‘फिट’चा दाखला मिळवून देणारा दलाल भेटला, तर त्याच्या सावलीसही उभे राहू नये, तेथे पोहोचल्यावर पुन्हा एक्स-रे निघतो, तेव्हा तो दलाल सोबत नसतो. आणि तेथली तपासणी पार पडून निवासपरवाना हाती येईपर्यंत, शक्य असेल तर, येथील नोकरीचा राजीनामा न देता बिनपगारी रजा घ्यावी.

वडीलधाऱ्यांपाशी एकच मागणे आहे. सोयरिकीच्या वेळी ‘मुलीला पूर्वी काही झाले होते का?’ असा प्रश्न आपण विचारतो. त्याचे खरे उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर ते ऐकून स्थळ मोडण्याची रीत आपणच सोडली पाहिजे. एरवी आया कागद जाळीतच राहतील, आणि त्यांची मुले परक्या देशात डॉक्टरांपुढे रिकाम्या हातांनी उभी राहतील.

२००३ सालचा तो हार आम्ही खऱ्या कारणासाठी स्वीकारला होता. परतण्याचे खरे कारण आज सांगून टाकले.