मालकी खासगी, मरण सार्वजनिक



अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. उंची सुमारे 38 फूट, मालकी एका खासगी धार्मिक शिक्षणसंस्थेची. 1957 साली तेथील वीजनिर्मिती थांबली. तलाव करमणुकीपुरता उरला. भिंतीच्या उतारावर झाडे माजली. 1973 सालच्या छायाचित्रात उताराची माती घसरलेली स्पष्ट दिसते. 6 नोव्हेंबर 1977 रोजी, मुसळधार पावसानंतर, मध्यरात्र उलटल्यावर धरण फुटले. खाली झोपलेली 39 माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती.

अशा धरणांच्या तपासणीचा केंद्रीय कायदा 1972 सालीच झाला होता. त्या तपासणीसाठी पैसा मात्र प्रेते मोजून झाल्यावर निघाला!

भारताचा 2021 सालचा धरण सुरक्षा कायदाही 10 मीटरपर्यंत उंचीची धरणे वगळतो. परंतु धोका भिंतीच्या उंचीवरून नव्हे, तिच्या खाली राहणाऱ्या माणसांवरून मोजला पाहिजे. तलावाचा मालक एक असेल. पुराला सातबारा ठाऊक नसतो. म्हणून खर्च मालकाचा, तपासणी शासनाची आणि अहवाल खालच्या गावाच्या हाती, हीच न्याय्य मागणी होय.